बिनवासाचं मलम

"मावशी, भाकरीला बामचा वास येतोय म्हणतंय गिऱ्हाईक. उद्या बाम चोळून आलात तर दुसरी बाई बघतो," खानावळीचा मालक म्हणाला. भाकऱ्या थापून थापून हौसाबाईंचा उजवा खांदा कामातून गेला होता. पण मालकाला खांदा दिसत नव्हता, वास तेवढा येत होता.

हौसाबाईंचं गाऱ्हाणं ऐकून डॉक्टरांनी बिनवासाच्या मलमाची चिठ्ठी दिली. गल्लीतल्या औषधवाल्यानं त्याबरहुकूम खास त्यांच्यासाठी मलम घोटून दिलं. त्यात ना कापूर, ना पुदिना. हौसाबाईंनी डबी नाकाला लावून बघितली आणि हरखल्या.

त्यांच्याहून जास्त मालक हरखला. "गेलं ना दुखणं! मग आता रातच्या भाकऱ्याही तुम्हीच थापा. तुमच्या जोडीची बाई कमी केली मी."

"दुखणं कुठं गेलंय? रोज मलम चोळून येतीया मी."

"मग वास कसा येत नाही? कामाचा कंटाळा आलाय म्हणा की!" मालक हसला. जेवणारेही दात काढून हसले. भाकरी मऊ होती, गरम होती, त्यांचं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी डबी औषधवाल्यापुढं आपटली.

"गुण नाही आला का?"

"गुण हाय. पर ह्यात वास घाला. कापूर, पुदिना, असंल ते समदं. पार गिऱ्हाइकाच्या ताटापतुर गेला पायजे."

"अहो, मालक कामावरून काढेल!"

"काढू दे की. पर काढताना नाक दाबायला लागलं पायजे."