तारेवरची गाठ

बोटीचा फोकस दिवा लावला की यंत्राचा पडदा काळा व्हायचा. फोकस बंद केला की पडदा पुन्हा उजळायचा, आणि आपण कुठे आहोत हे शोधत ते वाट दाखवणारं यंत्र बराच वेळ नुसतं लुकलुकत राहायचं.

"पाह्यलं?" हेमराज म्हणाला. "त्या दिवशी असंच झालं. म्या साहेबाले सांगतलं, तं मले म्हणे, तू तं त्याच्याच नात्यातला, तू काऊन नाई म्हणशील असं?"

आचलने पुन्हा बटण दाबलं. पडदा काळा.

सरकारी खात्याची मोटारबोट धरणाच्या काठावर, अर्धी चिखलात ओढून ठेवली होती. समोर पाण्यात वाळलेली खोडं उभी होती. धरण भरलं तेव्हा इथलं जंगल बुडालं; काही खोडं वर दिसत, पुष्कळशी हातभर पाण्याखाली दबा धरून असत. त्यांच्यामधली सुरक्षित वाट यंत्राच्या पडद्यावर रेघेसारखी दिसे. बोट चालवणाऱ्या बापूजीला, आचलच्या बाबांना, दिवसाउजेडी त्या रेघेची गरज नव्हती. पण त्या संध्याकाळी दाट धुकं होतं, आणि पलीकडच्या गावाहून धुरपता नर्सला घेऊन यायचं होतं. बोट खोडावर आदळली, तिघंही पाण्यात पडली. हेमराजच्या हाताला एक फांदी लागली म्हणून तो वाचला. नर्सबाई गेली. बापूजी गेला.

बापूजी प्यायला होता, असं गाव बोलू लागलं. तेरवीला शिजवलेला भात तसाच उरला.

आचल बल्लारपूरच्या मिलमध्ये यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करायची. खात्याच्या साहेबांना चार वेळा भेटून तिने बोट तपासायची परवानगी मिळवली होती. साहेब वाईट नव्हते. "तारेत दोष असेल तर मला जागेवर दाखवा," ते म्हणाले होते. "दुपारी येतो. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काही लिहिणार नाही."

सकाळी निघताना मायने, देवकाबाईने, मांडीवरचं विणत असलेलं जाळं बाजूला सारलं आणि डाव्या हाताने डबा पुढे केला.

"मी बी येतो दुपारी."

"ऊन लागंल माय. तू काऊन येते?"

"लागू दे. ज्या तारेनं तुह्या बापाले मारलं, तिचं तोंड पाह्यचं हाय मले. हातात घेऊन पाह्यचं हाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "माह्या माणसानं पेली नव्हती. साहेबासमोर सांगजो तू."

"सांगतो माय."

आता आचलने मीटर काढला. बॅटरी भरलेली होती. फोकस लावला तरी तिच्या टोकांवर बारा व्होल्ट टिकून होते. यंत्राच्या मागे मात्र जेमतेम आठ. म्हणजे वीज बॅटरीतून निघत होती आणि वाटेत हरवत होती. फोकस आणि यंत्र दोन्ही एकाच तारेवर; फोकस सगळं ओढून घेई, यंत्र उपाशी राही. ती बॅटरीपासून पुढे तपासत सरकली. फ्यूज ठीक. बटण ठीक. बाकाखाली तार वळत होती, तिथे ती पोटावर आडवी झाली.

"हा जोड कोणाचा, हेमराजभाऊ?"

"उंदरानं कुरतडली होती ना. बापूजीनं तार सोडवून घरी नेली, अन् सकाळी जोडून आणली. काय मजबूत बांधली पाह्य! हत्तीनं ओढली तरी तुटायची नाई."

जोडाच्या अलीकडे बारा. पलीकडे आठ.

आचलने डोळे मिटून घेतले. सापडलं होतं. बाबा प्यायले नव्हते. आज संध्याकाळी हे गावभर होणार होतं, आणि उद्यापासून लोक मायच्या दारात बसायला येणार होते.

"भाऊ, वरून चहा आणता का? साहेब येतील आता."

हेमराज गेला. तिने टॉर्च दातात धरून जोड नीट पाहिला. सोल्डरचा डाग दिला नव्हता, टेपही नव्हती. पीळ घातलेल्या तांब्यावर जाळ्याचा दोरा गच्च गुंडाळून, जाळं विणतात तशा एकाला एक लागून गाठी मारल्या होत्या. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात तुटलेलं काहीही असंच जोडतात. दोऱ्याने पाणी धरलं होतं. आत तांबं हिरवं पडलं होतं.

लहानपणी बाबांनी तिला शिकवलं होतं. जाळं नदीत वाहून गेलं तरी गाठ पाहून सांगता येतं, कोणाच्या हातचं ते. बाबांच्या गाठीचा पीळ उजवीकडे पडायचा.

हा डावीकडे पडला होता, डावखुऱ्या हाताचा.

दुपारी माय ही तार हातात घेऊन पाहणार होती. आचलने पक्कड घेतली, जोडाच्या दोन्ही बाजूंनी तार तोडली आणि तो तुकडा दूर खोडांमध्ये भिरकावला. नवी तार जोडली, टेप लावली, टेपवर चिखल फासला.

दुपारी साहेब आले. मागून डोक्यावर पदर ओढून माय आली, आणि बोटीच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"सापडला दोष?" साहेबांनी विचारलं.

आचलने फोकस लावला. पडदा उजळलेलाच राहिला. बंद केला, पुन्हा लावला. पडद्यावरची रेघ हलली नाही.

"काऊन वं आचल!" हेमराजच्या हातातला चहा हिंदकळला. "सकाळी तं..."

"यंत्र चांगलं आहे, साहेब," आचल म्हणाली. "तारही चांगली आहे. हेमराजभाऊ तेव्हा घाबरले होते, त्यांच्या ध्यानात नसेल. चूक बाबांचीच होती."

कोणी काही बोलायच्या आत मायचा हात तिच्या गालावर पडला. डावा हात.