जायला मनाई

"बाबा रोज येतात," मुलगी म्हणाली, आणि कोर्टात कागदांची सळसळसुद्धा थांबली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं होतं साधंच. वडिलांना ओळखतेस का? मुलगी सात वर्षांची. नाही म्हणून मान हलवेल आणि विषय मिटेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिच्या बापाला तर खात्रीच होती. त्याने तिला शेवटचं पाहिलं, तेव्हा तिला जेमतेम दोन दात होते.

बाप वेल्डर होता. हाताला यश आणि पायाला भिंगरी. पोटगी थकवली म्हणून त्याला देश सोडायला मनाई झाली होती, आणि हे त्याला कळलं कुठे, तर विमानतळावर, पासपोर्ट पुढे केल्यावर. बॅग विमानात चढली होती, मालक खालीच राहिला. आता परदेशात, जहाजं बांधतात तिथे, दुसरं काम मिळालं होतं. शुक्रवारी निघायचं होतं. म्हणून त्याने मनाईला आव्हान दिलं होतं. बाहेर गेल्याशिवाय कमाई नाही आणि कमाईशिवाय पोटगी नाही, हे पालुपद त्याच्या वकिलाने सकाळपासून लावलं होतं. न्यायाधीशबाईंना ते पटतही होतं. त्यांची अडचण वेगळी होती. हा माणूस एकदा गेला की परत कशासाठी येईल? ज्याने सहा वर्षांत पोरीचं तोंड पाहिलं नाही, त्याला इथे ओढून आणणारं आहेच काय?

आणि पोरगी म्हणत होती, रोज येतात.

वकिलाचा चेहरा खुलला. बुडत्याला काडी पुरते, इथे तर अख्खी होडी चालून आली होती. बापाला मात्र घाम फुटला. तो एकदाही गेला नव्हता. बायकोने तीनदा घर बदललं होतं, आणि पोटगीच्या अर्जावरचा तिचा पत्ता त्याने कधी धड वाचलाही नव्हता.

न्यायाधीशबाईंनी मुलीला हळूहळू बोलतं केलं. ती शाळेतून आली की बाबा येतात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. बोलत नाहीत. गणित चुकलं की चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवतात. आई जिना चढायला लागली की नसतात. दार कोण उघडतं, या प्रश्नाचं तिला नवल वाटलं. दार कशाला उघडायचं, ते आतच असतात, असं तिने सांगितलं.

आई इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायची. ती उठून उभी राहिली आणि ठासून म्हणाली की घरी कुणीही येत नाही. आतून कडी असते, ती पोरगीच काढते. समोरच्या आजी दिवसभर जिन्यात खुर्ची टाकून बसतात, त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही. एवढं बोलून ती थबकली. पुढचं तिने खाली बघून सांगितलं.

"फक्त ती खुर्ची. मी येते तेव्हा बसायची जागा कोमट असते. कुणाला बोलले नाही. लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं."

वकिलाला एवढी फट पुरली. बाबा दिसतात कसे, असं त्याने मुलीला विचारलं. तिने बापाकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताला कोपराखाली भाजलंय, ती म्हणाली, लांबच लांब. पण मधे शर्टाच्या बटणाएवढी जागा चांगली आहे.

बापाला बाही वर करायला सांगण्यात आलं. त्याने मनगटाचं बटण काढलं. डाग गेल्या हिवाळ्यातला होता. त्यानंतर तो उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वावरला होता. डाग लांबच लांब होता. मधे बटणाएवढी कातडी कोरी होती.

आईने तोंडावर हात दाबला.

"तुम्ही रोज जाता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वकिलाने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. खरं बोललं तर शुक्रवार गेला. खोटं बोललं तर ते पकडणार कोण?

"हो," तो म्हणाला. "रोज जातो."

मुलीने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता. ती नुसती बघत राहिली.

मनाई उठली. आईच्या माघारी बाप पोरीला भेटतो, एवढाच अर्थ कोर्टाने काढला. कडी आणि कोमट खुर्ची यांचं कोर्टात काय चालणार? पोटगी यापुढे पगारातूनच कापायची ठरली. वकील खुशीत निकालाची प्रत आणायला पळाला.

बाहेर मुलगी बाकावर बसली होती. आई आत सह्या करत होती. अख्खा बाक मोकळा असून पोरगी अगदी टोकाला, अंग चोरून बसली होती. बाप तिच्यासमोर उकिडवा बसला. तिची हनुवटी थेट त्याच्या आईची होती. त्याला लाज वाटली. इतकी की तिकीट, काम, शुक्रवार, सगळं डोक्यातून गेलं. गेली सहा वर्षं आपण नेमके कुठे होतो, ते त्याला काही केल्या आठवेना.

"मी नाही जात," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "इथेच राहतो. उद्यापासून खरंच येतो. रोज येतो."

मुलीने शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान वर करून पाहिलं. थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग त्याच्याकडे वळून, समजूत घालावी तशी म्हणाली,

"नको, काका. तुम्ही जा. बाबा आहेत ना."