तीन बोटं

कुंपणाशी थांबून धम्मरत्नने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि मगच दारात जाऊन जयभीम म्हटलं. ज्या घरातला माणूस तोंडाच्या कर्करोगाने गेला, तिथे खर्रा चघळत शिरू नये, एवढी लाज त्याला होती. उरलेली पुडी मात्र शर्टाच्या खिशातच होती.

बाभुळगाव तालुक्यातल्या त्या घरचे बाबाराव जाऊन दोन महिने झाले होते. माणूस कशाने गेला ते घरच्यांना विचारून टॅबमध्ये भरायचं, हे धम्मरत्नचं काम. अशी घरोघरची उत्तरं जमवूनच देशाचा आकडा तयार होतो. लाखामागे तोंडाचे इतके, घशाचे इतके. या वर्षी त्याने एकट्याने तोंडाचे अकरा भरले होते. सगळे प्रश्न पाठ झाले होते आणि हल्ली त्याला त्या प्रश्नांचीच भीती वाटायची.

बाबारावांची बायको मथुराबाई समोर सतरंजीवर बसल्या. सून दीपा आत पोहे करत होती.

आधी काय जाणवलं, त्याने विचारलं. आधी तिखट सुटलं, असं मथुराबाईंनी सांगितलं. ठेच्याशिवाय घास न उतरणारा माणूस, पण तोंडाची आग व्हायला लागली तशी भाकर वरणात कुस्करून खाऊ लागला. विचारलं की दात दुखतो म्हणायचा. धम्मरत्नने मान वर न करता 'होय'वर बोट टेकवलं. तोही आपल्या बायकोला, साधनाला, दाताचंच कारण देत आला होता. तिने ते निमूट खरं मानलं, याचा त्याला उगाच राग यायचा.

तोंड किती उघडत होतं, हा पुढचा प्रश्न. मथुराबाईंनी तीन बोटं जुळवून, उभी करून तोंडाशी नेली.

"आधी अशी तीन जात. मंग दोन. शेवटी एकही जाये ना. दवाईचा बारका चमचा होता, तेवढाच जाये. त्यानंच पेज पाजली मी." मग कोणी विचारलं नसताना त्या म्हणाल्या, "खर्रा मीच घोटून देत होती. रोज."

धम्मरत्नने फक्त बोटांचा आकडा भरला. सकाळी आरशापुढे त्याची दोनच बोटं आत गेली होती. तिसरं दातांशी अडलं, तेव्हा त्याने घाईने तोंड धुतलं होतं.

शेवटचा प्रश्न राहिला. त्रास सुरू झाल्यापासून डॉक्टरला दाखवेपर्यंत किती महिने गेले?

"दहा," मथुराबाई म्हणाल्या. आज जाऊ, उद्या जाऊ करत गेले. यवतमाळच्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, इतके दिवस कुठे होता म्हणून.

धम्मरत्नने आकडा टाकला. मथुराबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. नवऱ्याचं काय लिहिलं जातंय ते बघायला त्या पुढे वाकल्या.

"भाऊ, मी दहा सांगतलं. तुमी सात लिवलं."

त्याने पाहिलं. चौकटीत सातच होता. तो पुसायला त्याने बोट नेलं. हा सात कोणाचा, ते त्याला माहीत होतं. मथुराबाई आधी त्याच्या खिशातल्या पुडीकडे आणि मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दीपा पोह्यांच्या बशा घेऊन आली. वर हिरव्या मिरचीचे तुकडे होते. धम्मरत्न टॅब पिशवीत कोंबत म्हणाला की भूक नाही, अजून दोन घरं करायची आहेत.

"बसा," मथुराबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "दीपा, यायच्या बशीतल्या मिरच्या काढ. अन् हा चमचा नको. तुह्या सासऱ्याचा आण."