गाळलेलं वाक्य

“ब्रोना, घे लिहून. ड्रमबॅरा, मंगळवार, पूर्णविराम. आज सकाळी एका माणसाला त्याच्या घराच्या दारातच गोळ्या घालून ठार मारण्यात आलं, पूर्णविराम. नवा परिच्छेद.”

ब्रोना कलननं कानावरचा हेडफोन सारखा केला. फर्गस सीमेपलीकडच्या, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या हॉटेलातून बोलत होता आणि ती डब्लिनच्या कचेरीत टाइप करत होती. बातमीदारानं सांगायचं, तिनं उतरवायचं. अकरा वर्षं हेच काम. एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नव्हता.

“तुम्ही वरचे लोक आम्हाला सुखानं जेवू द्यायचे नाही,” फर्गस म्हणाला. “हे लिहू नकोस.”

“मला वाटलं, हाच मथळा.”

दोघंही हसली. हे रोजचंच होतं. ती उत्तरेची आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाआधीचं आडनाव कोणी कधी विचारलं नव्हतं.

“वय चौतीस, स्वल्पविराम, बेकरीची गाडी चालवायचा, पूर्णविराम. राहणार चौदा, मिल रो, पूर्णविराम. नाव मॅलकी टोनर, पूर्णविराम.”

बोटांनी नाव टाइप केलं. पूर्णविरामही दिला. मग तिनं ते वाचलं.

ओळ संपल्याची टाइपरायटरची घंटी वाजली.

“ब्रोना? आहेस ना?”

“आहे.”

“नवा परिच्छेद. हा

हा बंडखोरांच्या

आपसातल्या भांडणातला प्रकार असावा

असं पोलिसांना वाटतं. पूर्णविराम. झालं?”

तिची बोटं कळांवर नुसती टेकलेली होती.

“गल्लीतल्या लोकांना विचारलंस?” अकरा वर्षांत तिनं बातमीदाराला नावाच्या स्पेलिंगपलीकडे काही विचारलं नव्हतं.

“गल्लीत कोण गेलंय! रस्ता बंद करून ठेवलाय. आणि विचारून काय मिळणार गं? तिथं मेलेला प्रत्येक जण देवमाणूसच असतो. चल, ठेवतो.”

पायाशी तिची पर्स होती. पर्समध्ये शुक्रवारी आलेलं आईचं पत्र. प्रॉटेस्टंट वस्तीत पाव पोचवणाऱ्या कॅथलिक मॅलकीच्या गाडीच्या काचेला कोणीतरी चिठ्ठी लावली होती. पाव घेऊन पुन्हा या रस्त्यावर दिसलास तर घरी येऊ. आईनं खाली लिहिलं होतं, ‘हा म्हणतो, त्या लोकांना पाव नको का? तुझं ऐकतो तो. तू लिही.’

ती रविवारी लिहिणार होती.

तिनं यंत्रातून कागद ओढून काढला. शेवटचं वाक्य त्यावर नव्हतं. उठली. टेबलांमधून वाट काढत ती हॅनलींच्या टेबलापाशी गेली.

हॅनली बातम्यांची काटछाट करायचे. दक्षिणेतल्या केरीचे, हळू आवाजात बोलणारे. हातात निळी पेन्सिल. भोवती त्यांची चार माणसं माना खाली घालून कागद खोडत होती. हॅनलींनी तिचा कागद वाचला, दोन शब्द उडवले, थांबले.

“फर्गस विसरला वाटतं. का मारलं, तेच नाही.”

“माहीत नसेल.”

पण पेन्सिल चालायला लागली होती. ब्रोना समोरून उलटं वाचत होती. बंडखोरांच्या. आपसातल्या. भांडणातला प्रकार असावा असं समजतं.

तेच. जवळपास शब्दाला शब्द. फक्त पोलिस गळले होते.

“हे,” तिनं कागदावर बोट ठेवलं, “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं, पोरी? वर दुसरं काय असतं?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “आणि आपसात मारामाऱ्या करताहेत म्हटलं की इकडच्या माणसाला झोप लागते. सातवं पान. तीन ओळी.”

“त्याला धमकी आली होती. पाव घेऊन त्या रस्त्यावर यायचं नाही, म्हणून.”

“तुला काय माहीत?”

“माझा भाऊ आहे तो.”

पेन्सिल थांबली. शेजारच्या चौघांच्याही थांबल्या. हॅनलींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, खुर्ची मागे सरकली आणि ते उभे राहिले. मग चौघेही उभे राहिले. कोणी कोट घातला, कोणी सिगारेट विझवली. गावाकडे शवपेटीजवळ लावतात तशी त्या टेबलापाशी रांग लागली, आणि एकेक जण पुढे येऊन तिचा हात हातात घेऊ लागला.

“फार वाईट झालं, ब्रोना.”

“ते वाक्य खोडा,” ती म्हणाली.

“फार वाईट झालं गं.”

“ते वाक्य खोडा.”

“देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.”

“वाक्य.”

चौथ्या माणसानं मान खाली घातली आणि तो बाजूला झाला.

शेवटी हॅनली आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे खरोखरच भरून आले होते. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. छपाईला अकरा मिनिटं उरली होती. मग हात न सोडता ते तिच्या कानाशी वाकले, आणि अगदी हळू, देवळात बोलावं तसं, त्यांनी विचारलं,

“पोरी, त्याचा एखादा फोटो आहे का तुझ्याजवळ? पहिल्या पानावर घेतो.”