सीलबंद कोठी

दोन वर्षांनी कोर्टाच्या बेलिफने सील तोडलं आणि इटलीतल्या पार्माजवळची ती कोठी उघडली. चीजची कंपनी बुडाली तेव्हापासून आतल्या चीजच्या चार हजार गड्ड्यांवरून दोन गुंतवणूकदार हातघाईवर आले होते. ग्वाल्तेरो म्हणायचा, माल माझ्याकडे तारण आहे. ऑर्नेला म्हणायची, तो मी आधीच विकत घेतलाय. शेवटी कोर्टानेच निम्मा-निम्मा वाटून दिला आणि पारखायला कोठीतल्याच जुन्या कामगाराला, म्हाताऱ्या एर्मेसला बोलावलं.

जात्याच्या तळीएवढ्या पहिल्या गड्ड्यावर एर्मेसने छोटी हातोडी वाजवली आणि आतून पोकळ वाजतो का, म्हणून कान लावला. मग दुसऱ्यावर. विसाव्याला तो थांबला. त्याने एक गड्डा कलता केला, तर त्याचं बूड फळीलाच चिकटून राहिलं आणि भपकन वास सुटला.

"अगं आई गं! हे काय झालं?" ऑर्नेलाने नाकाला रुमाल लावला.

"दर आठवड्याला पुसून उलटावं लागतं, बाई. नाहीतर खालून सडतं."

"मग उलटलं का नाही?" ग्वाल्तेरो त्याच्या अंगावर धावून गेला. "जन्म गेला ना तुमचा या कोठीत? झोपा काढत होतात?"

एर्मेसने खिशातून घड्या विरलेले दोन कागद काढले.

"तुम्हा दोघांची संमती असेल तर कोर्ट मला उलटायला आत सोडणार होतं; ती मागायला दोघांच्याही दारात आलो होतो. दोघांच्याही वकिलांची नोटीस आली, आमच्या मालाला हात लावलात तर तुरुंगात जाल." त्याने हातोडी पुसून पिशवीत टाकली. "दोन वर्षांत तुमचं एकमत झालं, ते एवढ्या एकाच गोष्टीवर."