चौथा कागद

"कागद सांगतो तेवढंच बोलायचं," सर म्हणाले. "पदरचं काही घालायचं नाही."

सातवीच्या मुलांनी बाकं जोडून मोठं टेबल केलं होतं. त्यावर चार कागद. दुसऱ्या एका शहरात, काही वर्षांपूर्वी, एक बाई बसखाली सापडून वारली, एवढंच सरांनी सांगितलं होतं. नेमकं काय घडलं ते मुलांनी इतिहासकारासारखं शोधायचं होतं.

काही वर्षं झाली नव्हती. अकरा महिने झाले होते, आणि ती बाई म्हणजे सरांची बायको. सर या शाळेत यंदाच आले. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. नावांवर त्यांनी स्वतः काळी शाई फासली होती.

उद्या अकरा वाजता त्या शहरातल्या बस डेपोत चौकशीची शेवटची तारीख होती. ड्रायव्हर पुन्हा गाडीवर चढणार की कायमचा घरी बसणार, ते उद्या ठरायचं होतं. सगळा भार तिसऱ्या कागदावर होता. सकाळी मेहुण्याचा फोन येऊन गेला होता.

"दाजी, तो माणूस सुटता कामा नये. साक्ष पक्की आहे ना?"

"लेखी आहे."

"मग झालं. उद्या तुम्ही डगमगू नका, म्हणजे मिळवली."

"बघू."

"बघू काय, दाजी?"

सरांनी फोन ठेवून दिला होता.

पहिला कागद ड्रायव्हरचा. "सिग्नल हिरवा होता. बाई एकदम पुढ्यात आल्या. मी ब्रेक दाबला."

"हा असंच म्हणणार," वर्गात ज्याला सगळे वकील म्हणत, तो मुलगा म्हणाला. "स्वतःच्या ताकाला कोण आंबट म्हणतो?"

दुसरा कंडक्टरचा. "मी मागे तिकिटं देत होतो. धक्का बसला. पुढचं मी पाहिलं नाही."

"हा त्याचा दोस्त असणार."

"दोस्त असता तर पाहिलं म्हणाला असता," मुंगी म्हणाली. ती एक एक ओळ बोट ठेवून वाचायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. "न पाहिलेलं पाहिलं नाही म्हणतोय. मला हा बरा वाटतो."



तिसरा कागद वकिलाने उभं राहून वाचला. "मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. सिग्नल लाल होता. ड्रायव्हर कानाला मोबाइल लावून हसत होता. बाई दोन्ही बाजूंना बघून मगच उतरली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एका पिशवीत भाजी होती, दुसरीत निळी लोकर." तो खाली बसला. "खेळ खलास. ड्रायव्हर अडकला."

"थांब," मुंगी म्हणाली. "पिशवीतली लोकर याला रस्त्यापलीकडून कशी दिसली?"

"दिसली असेल."

"आणि रंगसुद्धा?"

वर्ग हसला. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"पहिले दोघं जेवढ्यास तेवढं सांगतात," ती पुढे म्हणाली. "याला मात्र सगळंच माहीत. सर, तुम्हीच सांगितलंत ना, ज्याला सगळंच आठवतं त्याला दोनदा विचारायचं."

"सांगितलं होतं," सर म्हणाले. "चौथा बघा."

चौथा कागद म्हणजे बाईच्या मोबाइलच्या पडद्याचा छापलेला फोटो. नावावर आणि नंबरवर शाई. एकाच माणसाचे तीन फोन, पाच मिनिटांच्या आत. पहिले दोन तिने उचलले नव्हते. तिसरा उचलला. पाच वाजून अकरा मिनिटांनी सुरू, चार मिनिटं. बस थांबली सव्वापाचला, ही वेळ ड्रायव्हरच्या कागदावर होती.

"मग फोन हिच्या कानाला होता," मुंगी म्हणाली. "दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तर फोन धरला कशाने?"

वकिलाने तिसरा कागद पुन्हा उचलला, वाचला, आणि गुपचूप खाली ठेवला. "हा तिथे नव्हताच," तो म्हणाला.

"खोटं कशाला बोलेल पण?" मागून कुणीतरी विचारलं.

"ठेच लागली की मी दगडालाच लाथ मारतो," वकील म्हणाला. "तसं काहीतरी."

मुंगी चौथा कागद उलटसुलट करून बघत होती. "सर, तिन्ही कागदांवर डेपोचा शिक्का आहे. यावर नाही. हा कुठून आला?"

"कुणाच्या तरी घरातून."

"म्हणजे चौकशीवाल्यांनी हा पाहिलाच नाही?"

"नाही."

"मग त्या फोनवाल्याला कुणी विचारलंच नसेल. त्याने सगळं ऐकलं असणार, सर. आणि त्याला काय एवढी घाई होती? दोनदा उचलत नाही म्हटल्यावर समजायचं ना माणसाने, की ती रस्त्यात असेल."

"समजायला हवं होतं," सर म्हणाले. ते खोकले. "मग निष्कर्ष काय लिहायचा?"

"तिसऱ्याला खोडायचं. आणि फोनवाला सापडेपर्यंत ड्रायव्हरला दोष द्यायचा नाही."

घंटा झाली. मुलं बाकं जागेवर सरकवू लागली. सरांनी कागद गोळा केले, तिसरा सर्वांत खाली घातला.

दुसऱ्या दिवशी अकराला ते डेपोत पोचले. बाकावर ड्रायव्हर बसला होता. गणवेश इस्त्री केलेला, मात्र छातीवर बिल्ला नव्हता. त्याने सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भिंतीला टेकून मेहुणा उभा होता. त्याने नुसती मान हलवली.

कारकुनाने फाइल उघडली. "साक्षीदार नंबर तीन?"

सर उठून टेबलापाशी गेले.

"जबाब कायम आहे ना? इथे सही करा. आणि मोबाइल नंबर सांगा, तेवढी जागा रिकामी राहिलीय."

सरांनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी खिशातून चौथा कागद काढला, शाई न फासलेला, उलगडून कारकुनासमोर ठेवला आणि तिसऱ्या फोनच्या नंबरवर बोट टेकवलं.

"हा लिहा."