दादाच्या पँटी

दुकानाचं दार अर्धं लोटून टेलरमास्तर दादाच्या पँटची मागची शिवण उसवत होते. हे काम ते कधी गिऱ्हाइकांसमोर करत नसत. वरच्या मजल्यावरून वहिनी दादाचे कपडे इस्त्रीला खाली पाठवी. मास्तर गुपचूप कंबर वाढवत, इस्त्री फिरवत आणि घडी घालून परत पाठवत. सारखं उसवायला नको म्हणून बोटभर जास्तच सोडत. वहिनीलाही याचा पत्ता नव्हता.

दादा म्हणजे थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा स्वतःची शाळा सोडून त्यानेच मास्तरांना वाढवलं. माणूस रुबाबाचा भुकेला. पण पोट सुटत चाललं आणि एकदा भरल्या दुकानात त्याच्या कमरेचं बटण ताडकन उडालं. एक गिऱ्हाईक म्हणालं, पोटाला आता वेगळी पँट शिवा. सगळे हसले, दादाही हसला आणि वर जाऊन उपाशी झोपला. मधुमेहाचा माणूस असा उपाशी राहिलेला मास्तरांना बघवेना. त्याच आठवड्यात त्यांनी पहिली शिवण उसवली.

त्यानंतर दादाची कळी हळूहळू खुलत गेली. येता-जाता दुकानातल्या आरशासमोर उभा राही, कमरेत बोटं घालून बघे आणि मिशीत हसे. भावाची लाज राखली, एवढंच मास्तरांना वाटे.

पण कंबर वाढतेय हे ज्याने शिवण उसवली त्याला कसं कळणार नाही? साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि वर ही ढेरी. ही चौकडी जमली की हृदयाला आणि मेंदूला धोका, असं डॉक्टर दादाला म्हणाल्याचं मास्तरांच्या कानावर आलं होतं. दादाशी बोलावं असं कितीदा मनात आलं. पण थोरल्याला शहाणपण शिकवायला त्यांची जीभ रेटेना.

या वेळची पँट वर गेली आणि दुसऱ्या सकाळी दादाच्या हातून चहाचा कप गळून पडला. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली.

हॉस्पिटलमध्ये काचेपलीकडे दादा पडला होता. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. डॉक्टर म्हणाले, जगला तरी वाचा येईल की नाही सांगता येत नाही. मास्तर बाकावर वहिनीशेजारी बसले.

"वहिनी, मी बोलायला हवं होतं. डोळ्यांदेखत सगळं दिसत होतं मला."

"स्वतःला लावून घेऊ नका, भावजी," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही बोलून काय होणार होतं? हे कधी कुणाचं ऐकतात का? एका डॉक्टरांचा तेवढा शब्द मानायचे."

"काय म्हणाले होते डॉक्टर?"

"कमरेवर लक्ष ठेवा म्हणाले होते. कंबर उतरली की धोका उतरेल. हे रोज पँट घालून बघायचे. इतके खूश होते, भावजी. पँटी सैल व्हायला लागल्या, तशा यांनी गोळ्या बंद केल्या."